क्नोडेलचं वजन

राजानंद मेश्रामला चिडायला फार मोठं कारण लागत नसे. कागदाच्या कचऱ्यात कुणी पिझ्झाचा तेलकट खोका टाकला की तो चिडे. बस दोन मिनिटं उशिरा आली की चिडे, आणि दोन मिनिटं आधी निघून गेली तर जास्तच चिडे. जर्मनीतल्या गार्चिंगच्या एका संशोधन संस्थेत तो सोळा वर्षं एकच काम करत होता. तापमान मोजणारी उपकरणं तपासायची, त्यांची चूक किती ते शोधायचं, ती दुरुस्त करायची आणि वर आपल्या नावाची, तारखेची छोटी चिठ्ठी चिकटवायची. त्याची बायको क्षमा म्हणायची, "संस्थेतलं उपकरण चुकलं तर हा समजून घेतो. माणूस चुकला की संपलं."

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचा हा मुलगा. नागपूरला इंजिनिअर झाला, कॉलेजातच क्षमा भेटली, आणि लग्नानंतर दोघं जर्मनीत आली. आता तो सत्तेचाळीस वर्षांचा होता, म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममध्ये तिसऱ्या मजल्यावर राहत होता, आणि त्याच्या घरात एक बेडूक होता.

बेडूक इराचा. इरा त्यांची एकुलती एक मुलगी, सोळा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीचं कुटुंब हँबुर्गला गेलं आणि जाताना काचेच्या पेटीसकट हा आफ्रिकन बुलफ्रॉग इराच्या गळ्यात मारून गेलं. हिरवट, चपटा, मुठीपेक्षा मोठा, आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी अपमान केल्यासारखा भाव. इराने त्याचं नाव ठेवलं क्नोडेल. बव्हेरियात ताटात रश्शाबरोबर जो बटाट्याचा गोळा येतो तो क्नोडेल. राजानंदने त्या वेळी घरभर आदळआपट केली होती. अमेरिकन बुलफ्रॉग पाळायला इथे बंदी आहे हे त्याने शोधून काढलं. आफ्रिकनला नाही, हे इराने शोधून काढलं. शेवटी तो हरला, पण हरताना एक अट घालून हरला.

"आजारी पडला, खायचा बंद झाला, की मी दवाखान्याच्या चकरा मारणार नाही. सरळ टीअरहाइममध्ये सोडून यायचा. अनाथ प्राण्यांचं घर कशासाठी असतं?"

"ओके, बाबा," इरा जर्मनमध्ये म्हणाली होती. मराठी तिला सगळं समजे. उत्तर मात्र जर्मनमधूनच यायचं.

आणि मग या जानेवारीत इरा शाळेतर्फे पाच महिन्यांसाठी आयर्लंडला गेली. बेडूक मागे राहिला. बेडकाबरोबर चार पानी सूचनापत्रक राहिलं, जर्मनमध्ये, उपशीर्षकांसकट. किडे जिवंत द्यायचे. देण्याआधी पिशवीत कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून द्यायचे. पाण्याचं भांडं रोज बदलायचं. दर रविवारी वजन करायचं. उगाच हातात घ्यायचा नाही. शेवटच्या ओळीखाली तिने दोनदा रेघ मारली होती: बाबा, त्याच्यावर ओरडायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात राजानंद ओरडला. बेडकावर नाही, झुरळांसारख्या दिसणाऱ्या त्या रातकिड्यांवर. दुकानातून आणलेला रातकिड्यांचा डबा त्याने स्वयंपाकघरात उघडला, एक पकडायला गेला आणि चाळीस निसटले. त्यातले तीसेक सापडले. उरलेल्यांनी फ्रिजच्या मागे संसार थाटला आणि ते किर्र किर्र करायला लागले. क्षमा घरून ऑफिसच्या मीटिंगा करत असे. तिच्या कंपनीतला एक सहकारी तिला म्हणाला, "जानेवारीत रातकिडे? क्षमा, तुझ्याकडे उन्हाळा आला वाटतं!"

मीटिंग संपवून क्षमा बाहेर आली. "राजानंद, एक तर ते राहतील, नाही तर मी."

"मग मी काय करू? फ्रिज उचलू?"

"उचल."

त्याने उचलला. म्हणजे सरकवला. चार सापडले, कंबरेत चमक भरली, आणि किर्र किर्र चालूच राहिलं.

हे सगळं ज्याच्यासाठी चाललं होतं, तो क्नोडेल मात्र काही खात नव्हता. पेटीतल्या मातीत तो अर्धा गाडून घेऊन बसलेला असे. वर फक्त दोन डोळे आणि नाकाचं टोक. राजानंदने किडा समोर सोडला तर किडा त्याच्या डोक्यावरून चालत जाई, आणि हा डोळेही मिटत नसे. राजानंद संध्याकाळी सात वाजता चिमटा घेऊन पेटीसमोर गुडघ्यावर बसे आणि आठ वाजता पाय बधिर होऊन उठे. चिडला की त्याच्या तोंडून नागपूर बाहेर पडायचं.

"काऊन खात नाही बे? काय पाहिजे तुला? सावजी मटण मागवू?"

क्नोडेलने अपमान झाल्याचा भाव तसाच ठेवला.

दुसऱ्या रविवारी त्याने वजन केलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर कोशिंबिरीचं मोठं भांडं ठेवलं, काटा शून्यावर आणला आणि बेडूक उचलून भांड्यात ठेवला. भांडं कुठलं आहे ते क्षमाने पाहिलं आणि जाऊन खरेदीच्या यादीत लिहिलं, "नवीन भांडं." काट्यावर आकडा आला: तीनशे अठरा ग्रॅम. उचलताना राजानंदच्या बोटांना एक गोष्ट जाणवली होती. पाठीच्या खालच्या बाजूला दोन हाडं हाताला टोचत होती. बेडकाला अशी टोचणारी हाडं असतात हे त्याला माहीत नव्हतं.

त्याने इराला फोन लावला. ती तिथल्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरात बसलेली होती, मागे किटली वाफ सोडत होती.

"तीनशे अठरा," तो म्हणाला. "हे बरोबर आहे की कमी?"

इराने मागे वळून किटली बंद केली. मग म्हणाली, "थोडं कमी आहे. त्याला वेळ दे, बाबा. गांडुळं देऊन बघ."

"थोडं म्हणजे किती? आधी किती होतं?"

"आठवत नाही."

राजानंदला ते खटकलं. जी मुलगी चार पानी सूचना उपशीर्षकांसकट लिहिते तिला आकडा आठवत नाही? पण तिला वर्गाला जायचं होतं, फोन संपला.

गांडुळं मासे पकडण्याचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. दुकानदाराने डबा देताना विचारलं, कुठल्या तळ्यावर जाताय? राजानंदने सांगितलं, बेडकासाठी हवीत. दुकानदार म्हणाला, अच्छा, बेडूक गळाला लावून मोठा मासा धरायचा तर! राजानंदने समजावून सांगायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला आणि डबा घेऊन घरी आला. क्नोडेलने गांडुळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गांडूळ शांतपणे मातीत शिरलं आणि तिथे बेडकापेक्षा सुखात राहू लागलं.

तिसऱ्या रविवारी तीनशे नऊ.

अट त्याला आठवत होती. ती त्याचीच अट होती. टीअरहाइमचा नंबर त्याने शोधूनही ठेवला. पण सोमवारी संस्थेतून सायकलने घरी येताना त्याच्या डोक्यात ती दोन हाडंच फिरत राहिली, आणि घरी पोचल्यावर त्याने टीअरहाइमऐवजी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका डॉक्टरीणबाईंना फोन लावला. का लावला हे क्षमाने विचारलं तेव्हा तो तिच्यावरच खेकसला. "मग काय मरू देऊ? पोरगी परत आली की मला विचारेल ना!"

डॉक्टरीणबाईंचं नाव लेहनर. त्यांनी सांगितलं, येताना विष्ठेचा ताजा नमुना आणा. आता जो प्राणी तीन आठवडे काही खात नाही त्याने विष्ठा कुठून आणायची? राजानंद तीन दिवस डबी हातात घेऊन वाट पाहत होता. चौथ्या दिवशी त्याने पाण्याचं भांडं घासून, कोमट पाणी भरून आत ठेवलं, आणि क्नोडेल मातीतून उठला, थेट त्या स्वच्छ पाण्यात जाऊन बसला आणि त्याने कार्यभाग उरकला.

"आता?" राजानंद किंचाळला. "आता? पाणी बदलल्यावर?"

"नमुना मिळाला ना? मग ओरडतोस काय," क्षमा आतून म्हणाली.

शनिवारी सकाळी तो बेडकाला घेऊन एस-बान या लोकल गाडीने म्युनिकला निघाला. भोकं पाडलेला डबा, त्यात ओला टिश्यू, बाहेरून गरम पाण्याची पिशवी, त्यावर क्षमाची लोकरीची शाल. समोर बसलेल्या आजीबाईंनी आत बाळ असेल असं समजून वाकून पाहिलं आणि त्या परत सरळ बसल्या. त्यानंतर पूर्ण प्रवासात त्यांनी खिडकीबाहेरच बघितलं.

डॉ. लेहनर साठीच्या होत्या, हात मोठे, बोलणं थोडं. त्यांनी क्नोडेलला उलटंसुलटं केलं, तोंड उघडून पाहिलं, कंबरेची हाडं चाचपली. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली घातला.

"थोडे जंत आहेत. औषध देते, दोन आठवड्यांनी परत एकदा. पण एवढ्या जंतांनी एवढं वजन जात नाही." त्यांनी वर पाहिलं. "पेटीत तापमान किती असतं?"

"सत्तावीस," राजानंद म्हणाला.

"कुठे मोजलंत?"

"पेटीत थर्मामीटर आहे."

"काचेवर चिकटवलेला? त्याला काही अर्थ नाही. खाली मातीत मोजा. चोवीस तास. हा थंड पडला तर याचं पोट चालत नाही, आणि पोट चालत नाही तर तो खाणार नाही. लोक तापमान मोजतात असं समजतात, पण मोजत नाहीत." मग त्यांनी विचारलं, "आणि आधीची वजनं? कधीपासून उतरतंय?"

राजानंदने आपल्याकडचे दोन आकडे सांगितले. सोळा वर्षं तो उणे दोनशे साठ अंशांवर अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजत आला होता, आणि ही बाई त्याला तापमान मोजायला शिकवत होती. परतीच्या गाडीत बसल्या बसल्या त्याने इराला निरोप पाठवला. क्नोडेलच्या वजनाची नोंद कुठे असेल तर लगेच पाठव, डॉक्टरांना हवी आहे.

बराच वेळ उत्तर आलं नाही. फेल्डमोखिंग स्टेशन गेल्यावर एक तक्ता आला. दर रविवारची तारीख आणि वजन, दोन वर्षांचं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला चारशे बारा. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तीनशे नव्वद. नाताळात तीनशे साठ. निघायच्या आदल्या रविवारी तीनशे एकतीस.

म्हणजे बेडूक त्याच्या हाती आला तेव्हाच आजारी होता. आणि पोरीला हे माहीत होतं.

घरी पोचताच, डब्यावरची शालही न काढता, त्याने फोन लावला.

"तुला माहीत होतं! तीन महिने माहीत होतं! आणि मला म्हणतेस थोडं कमी आहे? मी इथे वेड्यासारखा किडे पकडतोय, डॉक्टरसमोर मूर्ख ठरतोय—"

"तू म्हणाला होतास," इरा म्हणाली. ती जर्मनमध्ये बोलत होती, पण हळू, एकेक शब्द ठेवत. "खायचा बंद झाला की टीअरहाइम. तू म्हणाला होतास, बाबा."

"ते मी दोन वर्षांपूर्वी म्हणालो होतो!"

"तू जे म्हणतोस ते करतोस."

इरा पुढे म्हणाली, तिने सगळं करून पाहिलं होतं. किडे बदलले, माती बदलली, इंटरनेटवर लोकांना विचारलं. सगळे विचारायचे तापमान किती, आणि तापमान तर बरोबर होतं, रोज संध्याकाळी ती बघायची. आयर्लंडला जाणं रद्द करावं असंही तिच्या मनात आलं होतं. "मला वाटलं, मी गेल्यावर तू तरी नीट करशील. तुला सगळं जमतं."

हे कौतुक होतं की टोमणा, हे त्याला कळलं नाही. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ क्षमाची शाल घडी करत बसला. घडी नीट येत नव्हती.

सोमवारी त्याने संस्थेतून रीतसर चिठ्ठी भरून एक नोंदयंत्र घरी आणलं. चार बारीक तारा, प्रत्येकीच्या टोकाला तापमानाचा संवेदक. एक मातीत खुपसला, एक पाण्यात, एक क्नोडेलच्या बसायच्या खोबणीत, एक वर काचेजवळ. यंत्र चोवीस तास चालू ठेवलं. त्या बाईला दाखवूनच द्यायचं होतं.

मंगळवारी रात्री अकराला त्याने आलेख उघडला आणि खुर्ची पुढे ओढली. मातीचं तापमान रात्रभर अठरा. सकाळी अठरा. दुपारी एकोणीस. मग संध्याकाळी रेघ एकदम वर चढायला लागली, सातला सत्तावीस, दहापर्यंत सत्तावीस, आणि मग पुन्हा घसरण. चढण सुरू झाली होती ती बरोबर पाच वाजता. पाच वाजून एक मिनिट नाही, चार एकोणसाठ नाही. निसर्गात काही बरोबर पाच वाजता होत नाही. जे बरोबर पाच वाजता होतं ते माणसाने लावलेलं असतं.

तो उठला. इराच्या खोलीतलं कपाट त्याने भिंतीपासून ओढलं. पेटीचा हीटर प्रकाश न देणारा होता, नुसती उष्णता देणारा, त्यामुळे तो चालू आहे की बंद हे बघून कळायचं नाही. त्याची वायर कपाटामागे उतरली होती, आणि सॉकेट व प्लग यांच्या मध्ये एक राखाडी टायमर बसलेला होता. टायमरवर छोटी चिठ्ठी होती, नेटक्या अक्षरात.

तपासले. रा. मे. १४ नोव्हेंबर.

राजानंद कपाटामागे तसाच उकिडवा बसून राहिला.

आठवलं त्याला. संस्थेत तो आपल्या मजल्यावरचा आग-सुरक्षेचा स्वयंसेवक होता. नोव्हेंबरमध्ये त्या लोकांचं प्रशिक्षण झालं होतं. कुणीतरी चित्रफीत दाखवली होती, माणूस घरात नसताना हीटरने पेटलेली एक खोली. त्याच संध्याकाळी घरी येऊन, इरा व्हॉलीबॉलला गेलेली असताना, त्याने हा टायमर लावला. घरी कुणी नसेल तेव्हा बंद, सगळे झोपलेले असतील तेव्हा बंद. शनिवार-रविवारी सकाळी नऊपासून चालू, बाकी दिवशी पाच ते दहा. नीट विचार करून लावला होता. इराला सांगायचं ठरवलंही होतं. त्या दिवशी बस चुकली की काय झालं, आणि राहून गेलं. इरा संध्याकाळी थर्मामीटर बघायची तेव्हा तो सत्तावीस दाखवत असे, कारण संध्याकाळी सत्तावीसच असायचं.

क्षमा दारात येऊन उभी राहिली. "काय करतोयस?"

त्याने टायमर पुढे केला. तिने चिठ्ठी वाचली. मग आलेखाकडे पाहिलं. ती स्वतः सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं काम करत होती, तिला समजायला अर्धं मिनिट लागलं.

"सांगशील ना तिला?"

"सांगतो ना. रविवारी. वजन केल्यावर."

"आज सांग."

"आज काय सांगू? आकडा वाढू दे थोडा—"

"राजानंद, तिने तुझ्यापासून लपवलं तेव्हा तू काय म्हणालास ते मी ऐकलंय. शेजाऱ्यांनीही ऐकलंय."

तरी त्याने दोन दिवस घेतले. त्या दोन दिवसांत त्याने टायमर काढला, हीटरला धूर ओळखणारं यंत्र आणि जास्त तापलं की आपोआप तुटणारी जोडणी बसवली, मातीत कायमचा संवेदक लावला. सगळं करून झालं आणि करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा गुरुवारी दुपारी त्याने फोन केला. इरा समुद्राकाठच्या एका बाकावर सँडविच खात होती. वारा एवढा होता की तिचे केस सारखे तोंडात जात होते.

त्याने आधी आगीबद्दल सांगायला सुरुवात केली. आकडेवारी सांगितली. शेजारी बसलेल्या क्षमाने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. मग तो थांबला.

"हीटर मी बंद ठेवत होतो," तो म्हणाला. "नोव्हेंबरपासून. टायमर लावला आणि तुला सांगितलं नाही. तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं."

इराने सँडविच कागदात गुंडाळलं. बराच वेळ गुंडाळत राहिली.

"तू माझ्या खोलीत येऊन, मला न विचारता..." ती थांबली. "मला वाटत होतं मीच त्याला मारतेय. तीन महिने, बाबा. मला वाटत होतं मला काहीच सांभाळता येत नाही."

"इरा—"

"मला आता नाही बोलायचं." आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतर ती आईशी बोलायची. बापासाठी दर रविवारी एक निरोप यायचा, एका शब्दाचा. वजन? तो आकडा पाठवायचा. बस. पुढे ना अंगठा, ना हसरा चेहरा. राजानंद दिवसातून पाच वेळा फोन बघे आणि पाचही वेळा चिडे. क्षमाला म्हणाला, "एक अक्षर लिहीत नाही ही." क्षमा म्हणाली, "कुणावर गेली असेल?"

आकडे मात्र बरे यायला लागले. ऊब कायम झाल्यावर आठवड्याभरात क्नोडेल मातीतून वर आला आणि पेटीच्या मध्यभागी बसला. नवव्या दिवशी राजानंद चिमट्यात गांडूळ धरून त्याच्यासमोर हलवत होता, पाठ भरून आली होती, कानात हेडफोन होता आणि त्यावर संस्थेची मीटिंग चालू होती. "खा ना बे," तो पुटपुटला. "खा ना बाप्पा, एक तरी खा." क्नोडेलने झेप घेतली आणि त्याचं बोट धरलं.

या जातीच्या बेडकाच्या खालच्या जबड्यात दातांसारखे दोन सुळे असतात. ते सूचनापत्रकात तिसऱ्या पानावर होतं. राजानंद असा ओरडला की मीटिंगमधल्या अकरा जणांनी एकदम विचारलं, काय झालं? रक्त येत होतं. बेडूक सोडत नव्हता. क्षमा धावत आली, तिने पाहिलं आणि भिंतीला टेकून हसायला लागली. शेवटी त्याने हात पेटीतल्या कोमट पाण्यात बुडवला तेव्हा क्नोडेलने बोट सोडलं, मातीत पडलेलं गांडूळ पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंडात कोंबत ते गिळलं. गिळताना त्याचे डोळे आत गेले आणि पुन्हा बाहेर आले.

"खाल्लं!" क्षमा म्हणाली.

"माझं अर्धं बोट खाल्लं," राजानंद म्हणाला. पण त्याने दुसरं गांडूळ काढलं.

पुढे सगळं सोपं झालं असं नाही. औषधाचा दुसरा डोस द्यायला पुन्हा एस-बान, पुन्हा शाल. डॉ. लेहनरना त्याने आलेख दाखवला, टायमरचंही सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "कळलं ना, म्हणजे झालं." थोडं थोडं, दिवसाआड द्यायचं, एकदम भरवायचं नाही, अशी त्यांनी ताकीद दिली. क्नोडेल मात्र आता दिवसाआड मानायला तयार नव्हता. राजानंद खोलीत शिरला की तो काचेवर धडका मारी. फ्रिजमागचे रातकिडे एप्रिलमध्ये केव्हातरी आपोआप गप्प झाले. पाणी बदललं की ते घाण करण्याचा नेम क्नोडेलने शेवटपर्यंत मोडला नाही. मार्चअखेर तीनशे बत्तीस. एप्रिलच्या मध्याला तीनशे पंचावन्न. कंबरेची हाडं हळूहळू हाताला लागेनाशी झाली. राजानंदला तो बेडूक तेव्हाही आवडत नव्हता. तो क्षमाला तसं रोज सांगे.

एका रविवारी त्याने आकड्याबरोबर एक ओळ जास्त लिहिली. तुझ्या खोलीत मी आता दार वाजवून जातो. आत कुणी नसलं तरी.

दोन तासांनी उत्तर आलं. वेडा आहेस, एवढंच, जर्मनमध्ये. त्याने ते क्षमाला तीनदा दाखवलं.

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी इरा परतली. विमानतळावर ती आधी आईच्या गळ्यात पडली, मग बापासमोर येऊन उभी राहिली. थोडी उंच वाटत होती. राजानंदने बॅग घ्यायला हात पुढे केला.

"वजन?" तिने विचारलं.

"चारशे सहा," तो म्हणाला. आवाज त्याने अगदी साधा ठेवला होता. "आज सकाळी घेतलं."

"खाण्याआधी की खाल्ल्यावर?"

राजानंद बॅगेच्या मुठीशी चाळा करत राहिला. क्षमा दुसरीकडे बघू लागली.

"खाल्ल्यावर," तो म्हणाला.

"मग ते धरायचं नाही," इरा म्हणाली. "तुला माहीत असायला पाहिजे, बाबा. परत करू. उद्या सकाळी, उपाशीपोटी."

"अगं, तीन गांडुळांचं वजन असं किती असणार? आणि तो उपाशी राहिला की काचेवर डोकं आपटतो, तुला काय सांगू—"

ती बॅग त्याच्या हातात देऊन पुढे चालायला लागली होती. तो बडबडत तिच्या मागे निघाला, आणि एस-बानच्या जिन्यावर ती त्याच्यासाठी थांबली.